मायला हवी होती एक भिंत

आमच्या नव्या घराला आतून एकही भिंत नव्हती. बाहेरून तीन होत्या आणि चौथ्या बाजूला काच. हे सांगितलं की लोकांना वाटतं, बांधकाम अर्ध्यावर थांबलं असेल, मास्तराचा पगार तो केवढा. तसं काही नव्हतं. घर पुरं झालेलं होतं. माझ्या वडलांच्या मते तर अख्ख्या पाटोदा तालुक्यात पुरं झालेलं ते एकच घर, बाकीची नुसतीच बांधलेली. वडलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते शाळेत चित्रकला शिकवत. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, आणि मेंढरांमागं फिरून उरलेल्या दिवसांत थोडीफार शेती. खुर्चीवर बसून पगार घेणारे अण्णा पहिलेच. त्यामुळं माझे आजोबा, तात्या, स्वतःच्या पोराला नावानं हाक मारायचं सोडून 'मास्तर' म्हणायला लागले होते. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला कधी कळलं नाही. अण्णांना बहुतेक कळत असावं, कारण ते 'ओ' द्यायला जरा वेळ लावायचे.

ह्या सगळ्याचं मूळ रद्दीत होतं. अण्णा एकदा शाळेच्या कामानं शहरात गेलते. तिथल्या जुन्या बाजारातून त्यांनी वर्गातल्या पोरांना दाखवायला म्हणून रंगीत चित्रांची मासिकं आणली, गोणपाटात बांधून. मासिकं युरोपातली, इमारती बांधणाऱ्या लोकांसाठी काढलेली. भाषा कुठली ते अण्णांनाही सांगता यायचं नाही. काही अक्षरांच्या डोक्यावर टिंबं आणि गोळे होते, एवढंच मला आठवतं. "चित्रांना भाषा कशाला लागते?" असं अण्णा म्हणायचे, आणि हे एक वाक्य आम्हाला पुढं चांगलंच भोवलं. त्या मासिकांत एक संग्रहालय होतं. समुद्राच्या काठी, जुन्या मोठ्या झाडांमधून वळत गेलेलं, बुटकं, पांढरं. एक झाड तोडायला नको म्हणून सगळी इमारत त्या झाडाला वळसा घालून गेली होती. काचेच्या लांबच लांब पडव्या, आत चित्रं टांगलेली, बाहेर हिरवळ आणि त्यापलीकडं पाणी. आणखी एक वसाहत होती. पिवळ्या विटांची साधी घरं, उताराबरोबर एकेक करून खाली गेलेली, मेंढरं ओढ्यावर उतरतात तशी. अण्णा रविवारी दुपारी ती पानं उघडून बसायचे. "बघ सुमन, टेकडीला जराही दुखवलं नाही ह्यांनी. जमीन जशी, तसं घर. डोंगराच्या वर मान काढायची नाही." मी हो म्हणायचे. मला त्या फोटोंत माणसं कुठंच दिसत नव्हती. सगळी एकदम जेवायला गेली असावीत असं वाटायचं.

तात्यांच्या नावची गावाबाहेर उतारावर एक मुरमाड पट्टी होती. तिथं सीताफळाची झुडपं, तरवड आणि कुसळी गवत सोडून काही उगवलं नव्हतं, आणि उगवेल असं कुणाला वाटतही नव्हतं. अण्णांनी तिथं घर उगवायचं ठरवलं. गावातल्या गवंड्यानं तर हातच जोडले. "मास्तर, येवढी सपाट जागा सोडून उतारावर कावून बांधता? वर एक मजला काढा, पिस्ता कलर मारा, पुढं गेट लावा. पाव्हणा आला तर कळंल तरी." अण्णा नुसते हसले. मग दोन पाथरवट आणि स्वतः अण्णा, सुट्ट्यासुट्ट्यांत, असं ते घर उभं राहिलं. उभं राहिलं म्हणणंही चूकच. ते बसलं. पाठ टेकडीत रोवलेली, तोंड खाली ओढ्याकडं, काळ्या दगडाच्या भिंती, वर सपाट छत आणि छतावर माती घालून लावलेली कुसळी. एक सीताफळ मधे येत होतं म्हणून भिंतीलाच खाच दिली. टेकडीवरून पाहिलं तर तिथं घर आहे हे कळायचं नाही. शेजारच्या कौसाबाईच्या शेळ्यांना मात्र कळलं, आणि त्या दिवसभर आमच्या डोक्यावर चरायच्या. पोस्टमन पहिल्यांदा आला तो छतावर उभा राहूनच ओरडला, "मास्तरांचं घर कुठं हाय वो?" मी खालून ओरडले, "तुमच्या पायाखाली!" बिच्चारा केवढ्यानं दचकला. पुढं तो पत्रं शाळेतच देऊ लागला.

जुन्या घरात आम्हाला दोनच खोल्या होत्या. माळवदाचं घर, मातीचं सपाट छत, भिंती हातभर जाड. पुढच्या खोलीत तात्या आणि अण्णा, मागच्या खोलीत माय, चूल आणि मी. मधे एक भिंत. त्या भिंतीला अंगचं असं काही नव्हतं, एक कोनाडा आणि त्यात तेलाची बुधली, बस. पण भिंतीच्या अलीकडची माय आणि पलीकडची माय ह्या दोन निराळ्या बाया होत्या. अलीकडं यायची तेव्हा पदर डोक्यावर, नजर खाली, आवाज चुलीतल्या राखेएवढा. पलीकडं गेली की पाटावर पाय पसरून बसायची, पदर कमरेला खोचायची आणि तोंड सोडायची. भाकरी थापता थापता सगळ्या भावकीचा उद्धार व्हायचा. कौसाबाईची नक्कल व्हायची. तात्यांच्या मेंढरांपासून अण्णांच्या कागदांपर्यंत एकही गोष्ट सुटायची नाही. मधेच एखादी ओवी म्हणायची, मधेच हसून हसून डोळ्यात पाणी आणायची. थंडीत हुलग्याचे शेंगोळे असले की पातेल्याचं रटरटणं आणि मायचं बोलणं दोन्ही एकदमच चालायचं. मला वाटायचं, जगातली सगळी मजा त्या धुरकट खोलीत आहे. आजही लसणाची फोडणी कुठं बसली की मला आधी तो आवाज आठवतो, मग चव.

नव्या घरात भिंतच नव्हती. "हे सगळं एक आहे," अण्णा हात फिरवून म्हणाले, आम्ही राहायला गेलो त्या दिवशी. "बसणं, जेवणं, रांधणं, वाचणं. मधे काही अडवायचं नाही. आणि ही काच, म्हणजे बाहेर आणि आत हेही एकच." माय पदराआडून हळूच मला म्हणाली, "भाईर आन्‌ आत येकच करायचं व्हतं तर एवढे दगड कशाला फोडले? झाडाखालीच ऱ्हायलो असतो." अण्णांनी चूलही काढून टाकली होती. मासिकातल्यासारखा कमरेएवढा उंच दगडी ओटा आणि वर स्टोव्ह. "आता तुला वाकायला नको, धुरात बसायला नको." काचेला लागून एक लांब दगडी कट्टा होता, तो तर खास तिच्यासाठी. "इथं बसून डाळ निवडायची. समोर सगळा डोंगर." माय त्या कट्ट्यावर डाळीचं सूप ठेवायची आणि उभ्यानंच निवडायची. अण्णांना वाटलं, सवय होईल.

सवय कुणालाच झाली नाही. आधी तात्यांना खोकला लागला. तोवर त्यांचे गुडघे गेले होते. मेंढरं चुलत्यांकडं दिली होती, त्यामुळं ते दिवसभर घरीच. कोपऱ्यात घोंगडीवर बसायचे आणि खोकायचे. ओट्याकडं मान वळवायची झाली की खोकला. पाणी प्यायला उठायचं म्हटलं की खोकला. बाहेर गेले की थांबायचा, दारात आले की पुन्हा सुरू. अण्णांनी त्यांना बीडला नेलं, फोटो काढला, डॉक्टर म्हणाले छाती ठणठणीत आहे. तरी एक कडू औषध दिलं. तात्या ते मुकाट प्यायचे, बाटली संपली की दुसरी. मग मायचे पाय सुजले. घोट्याशी बोट दाबलं की खळगा पडायचा. पंचमीला ती माहेरी चौसाळ्याला गेली आणि आठ दिवसांत पायांची सूज उतरली. अण्णांनी त्यावरून निष्कर्ष काढला की चौसाळ्याचं पाणी चांगलं आहे. पुढच्या वेळी मामा आले तेव्हा अण्णांनी त्यांच्याकडून त्या पाण्याचा कॅन मागवला. मला हे लिहिताना हसू येतं आणि लाजही वाटते, कारण मी तेव्हा नववीत होते, वर्गात पहिली येत होते, आणि त्याच घरात राहत होते. मला काय दिसत होतं? माय उभी दिसत होती. आयांनी उभंच असायचं असतं, असं मला वाटत असावं.

माय मागत होती एवढंच, की एक भिंत घाला. ओटा आणि बाकीचं घर ह्यांच्या मधे, जास्त नाही, आठ-दहा हात. अण्णा घरी आले की आणि तात्या बाहेर असले की ती म्हणायची, "आवो, तेवढं भिंतीचं बगा." अण्णा म्हणायचे, "कशाला?" माय म्हणायची, "कशाला म्हंजी? भिंत लागती घराला." मग अण्णा समजावत बसायचे. भिंत घातली की प्रकाश अडतो, नजर अडते, घराचा जीव जातो. ते वही काढून दाखवायचे, एका रेघेनं अख्खं घर कसं मरतं ते. माय वहीकडं बघायची, अण्णांकडं बघायची आणि पुन्हा पिठाला हात घालायची. भिंत कशाला हवी हे तोंडानं सांगायची तिच्यावर वेळ यावी, हेच तिला इतकं विचित्र वाटत असणार. आपल्याला भूक कशाला लागते, हे कुणी सांगतं का? तिनं ते सांगितलं नाही आणि अण्णांना ते कळलं नाही. असं दीड वर्ष गेलं.

त्याच सुमाराला आमच्या भागातल्या पुढाऱ्यांनी, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, मेंढपाळांचं संग्रहालय बांधायचं जाहीर करून टाकलं. काठी, घोंगडी, लोकर कातरायची कात्री, चरखा, देवाचे टाक, सगळं एका छपराखाली. त्यांनी अण्णांना बोलावलं, कारण मेंढपाळांतला शिकलेला आणि चित्र काढणारा माणूस एकच होता. अण्णांना आभाळ ठेंगणं झालं. महिनाभर ते कागदावर वाकून बसले. टेकडीच्या अंगाअंगानं जाणारं, एकही सीताफळ न तोडणारं, काचेच्या पडव्यांचं संग्रहालय त्यांनी काढलं. आतली काठी बघता बघता बाहेर खरी मेंढरं दिसावीत असं. भाऊसाहेबांनी कागद उभा धरला, आडवा धरला. "मास्तर, इमारत दिसत न्हाई की वो रस्त्यावरनं."

"तेच तर, भाऊसाहेब. ती डोंगरात मिसळून जाते."

"आवो, पण दिसलीच न्हाई तर लोकांला कळणार कसं, आमी बांधली म्हणून? आन्‌ कोनशिला कुठं लावू? बाभळीला?"

तरी त्यांनी कागद परत दिला नाही. कारण त्याच महिन्यात युरोपातला एक म्हातारा पाहुणा लेणी बघायला येणार होता. स्वतःच्या देशात तो संग्रहालयं बांधायचा, आणि शहरातले एक प्राध्यापक दुभाषे म्हणून त्याच्याबरोबर फिरणार होते. त्याला आपण आपल्याकडं आणू, म्हणाले भाऊसाहेब, तुमचं घर नमुना म्हणून दाखवू. गोरा हो म्हणला, तर माझी ना न्हाई. त्या दिवसापासून अण्णांना झोप नव्हती. काच दिवसातून दोनदा पुसायचे. कौसाबाईला हात जोडून आले, तेवढा एक दिवस शेळ्या छतावर सोडू नका म्हणून.

पाहुणा यायच्या दिवशी माय पहाटेच उठली. शेंगोळे, बाजरीच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, सगळं उभ्यानं. मी पिठाच्या हातांनी मदतीला होते. आदल्या दिवशी तिनं ओट्यापुढं दोरी बांधून तिच्यावर तात्यांचं जुनं घोंगडं टाकलं होतं, आडोसा म्हणून. अण्णांनी ते सकाळी काढून घडी घातलं. "आजच्या दिवस नको गं. माझ्या सगळ्या जन्माचा प्रश्न आहे." मायनं पदर आणखी पुढं ओढला. भाऊसाहेबांच्या माणसानं तात्यांना नवा लाल फेटा बांधून कोपऱ्यात बसवलं, हातात काठी देऊन. खरा मेंढपाळ म्हणून. गावातल्या बाया गोरा माणूस बघायला म्हणून आमच्या छतावर जमल्या, कारण सगळं दिसायला तीच जागा बरी होती. शेळ्या नव्हत्या, एवढाच फरक.

पाहुणा उंच, पाठीत जरा वाकलेला, चांभारी चप्पल घातलेला. दारातूनच त्यानं दगडावर हात फिरवला. सीताफळासाठी ठेवलेली खाच बघून मोठ्यानं हसला आणि अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. खरं सांगते, अण्णांचा चेहरा इतका उजळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही नाही. तो काचेजवळ बराच वेळ उभा राहिला. मग दुभाष्याला काहीतरी म्हणाला. दुभाषे म्हणाले, "साहेबांना फोटो घ्यायचाय. पण रिकाम्या घराचा नको म्हणतात. घरच्या बाईंनी त्या कट्ट्यावर बसावं."

"अगदी बरोबर!" अण्णा म्हणाले. "तिच्यासाठीच बांधलाय तो. बस गं."

माय ओट्याला टेकून उभी होती. ती हलली नाही.

"अगं बस की. फोटोच काढायचाय."

तात्या खोकले. माय जमिनीकडं बघत राहिली. भाऊसाहेब हसून म्हणाले, "लाजू नका वैनी, गोरं माणूस काय खात न्हाई." दुभाष्यांनीही "बसा ना ताई" म्हटलं. तात्या आणखी जोरात खोकले. "म्हाताऱ्याला पाणी द्या कुणीतरी," भाऊसाहेब म्हणाले. अण्णांचा आवाज चढला. "ऐकू येतंय का? बस म्हणतोय ना मी! दोन मिनिटं बसायला काय झालं?" मायच्या हाताला पीठ होतं, ते ती बोटांनी खरवडत होती. मी तिच्या शेजारी उभी होते आणि मला अण्णांची बाजू पटत होती, हेही लिहून टाकते.

तेव्हा तात्या उठले. काठीवर भार देऊन, एक गुडघा, मग दुसरा. आमच्यात सासऱ्यानं सुनेच्या उठण्या-बसण्याबद्दल चकार शब्द काढायचा नसतो, आणि तात्यांनी तो उभ्या जन्मात काढला नव्हता. ते अण्णांकडंही न बघता, काचेकडं बघत बोलले.

"मास्तर, मी हितं असल्यावर ती कशी बसंल रं? दीड वर्स झालं, ती उभी हाय. मी खोकतो, तिला कळावं मी कुठं हाय ते. भिंत असती तर येकदा खोकलं की भागलं असतं. मला वाटलं, तू शिकलेला, तुला ठावं असंल."

दुभाषे पाहुण्याला सांगायचं की नाही अशा विचारात तोंड उघडून राहिले. मला बीडचा तो छातीचा फोटो आठवला, आणि कडू औषधाच्या बाटल्या. तात्या दारातून बाहेर पडले. पण बाहेर म्हणजे कुठं? अण्णांनी बाहेर आणि आत एकच केलं होतं. अंगणात थांबले तर काचेतून सगळे दिसणार. वरच्या अंगाला गावातल्या बाया. म्हणून ते उतारानं खाली निघाले. पहिल्या सीताफळाच्या झुडपामागं थांबले, मागं वळून बघितलं. झुडपाला पान नव्हतं. त्यांना आम्ही दिसलो, म्हणजे आम्हालाही ते दिसत होते. पुन्हा चालू लागले. एका खडकाआड बसून पाहिलं, फेटा वर राहिला. उठले. आम्ही सगळे, भाऊसाहेब, पाहुणा, अण्णा, एका ओळीत उभे राहून बघत होतो, एक म्हातारा माणूस मोडक्या गुडघ्यांनी अख्ख्या डोंगरात आडोसा शोधत चालला होता. काचेतून फार छान दिसत होतं. अण्णांनी म्हटलं होतं तसंच. शेवटी ते ओढ्याच्या पात्रात उतरले. आधी खांदे गेले, मग लाल फेटा गेला.

माय मला म्हणाली, "मामंजी येवढे चालत गेले. आता बसलंच पायजे." आणि ती जाऊन कट्ट्यावर बसली.

बसली ती बसलीच. दोन्ही पाय जवळ घेतले, पाठ दगडाला टेकली आणि डोळे मिटले. दुभाष्यांनी तोवर पाहुण्याला सगळं सांगितलं होतं; त्यानं कॅमेरा वर केला नाही. त्यानं तो गळ्यातून काढला आणि खाली ठेवला. भाऊसाहेब पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं पाणी घेऊन प्याले. मग पाहुणा हळूहळू काहीतरी बोलला आणि दुभाष्यांनी सांगितलं. अण्णांनी मघाशी मासिकात दाखवलेली ती पिवळ्या विटांची वसाहत त्याला चांगली ठाऊक होती. तिथं म्हणे सगळ्यात आधी भिंतच आखली होती. प्रत्येक घराच्या अंगणाला उंच भिंत, का तर बाईमाणसाला उन्हात पाय सोडून बसता यावं आणि शेजाऱ्याला दिसू नये. झाडं, उतार, ते सगळं त्यानंतर. अण्णांनी पुन्हा मासिक काढलं, पान उघडलं. भिंत होती. प्रत्येक फोटोत होती. इतकी वर्षं त्यांनी त्या भिंतीच्या वरून झाडं बघितली होती. त्यांनी मासिक मिटलं आणि चप्पल न घालताच ओढ्याकडं गेले, तात्यांना आणायला. येताना दोघं फार हळू चालत होते. अण्णांनी तात्यांचा हात धरला होता, आणि माझ्या आठवणीत तरी ते पहिल्यांदाच. ते अंगणात आले तेव्हा माय उठली. तोवर शेंगोळे गार झाले होते, ते अण्णांनी स्वतः गरम केले, करपवलेही.

संग्रहालय अण्णांना मिळालं नाही. पाहुण्यानं चार ओळी चांगल्या लिहून दिल्या होत्या, पण भाऊसाहेब म्हणाले, "मास्तर, तुमच्या घरातनं घरचाच म्हातारा पळाला. संग्रहालयातनं पब्लिक पळालं तर मी काय करू?" मग त्यांनी हमरस्त्यावर घुमटवालं एक संग्रहालय बांधलं, पुढं सिमेंटची दहा फुटी मेंढी. तिचं तोंड कुत्र्यासारखं झालंय. आता ते बहुतेक वेळा कुलुपातच असतं, पण दिसतं मात्र लांबून, भाऊसाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे. अण्णांना ते फार लागलं. ते त्या रस्त्यानं कधी गेले नाहीत, बाजाराला जायचं तर फेरा घालून जायचे. मी आता अण्णांच्या त्या वेळच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि मला अजूनही वाटतं की ते संग्रहालय व्हायला हवं होतं. चांगलं झालं असतं. अण्णांना काही कळत नव्हतं असं नाही. त्यांना डोंगर कळत होता, घरातली बाई कळत नव्हती. ह्या दोन्ही गोष्टी एका माणसात राहू शकतात, हे मला पचायला पुष्कळ वर्षं लागली.

अलीकडं शहरातली पोरं-पोरी येतात घर बघायला. वास्तुकला शिकणारी. ड्रोन उडवतात, फूटपट्ट्या लावतात, कुसळीचे फोटो काढतात. गेल्या वर्षी एक गोड मुलगी ओट्यापुढच्या भिंतीपाशी उभी राहून म्हणाली, "काकू, एवढी एकच भिंत खटकते हो. बाकी घराशी जात नाही." मी म्हटलं, जात नाही खरंच. चहा घेणार का?

ती भिंत अण्णांनी आणि तात्यांनी मिळून घातली. पाहुणा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी शाळेत रजा टाकली. तात्यांना मेंढरांचे दगडी कोंडवाडे रचायची सवय, ते बसल्या बसल्या दगड निवडून द्यायचे, "हा न्हाई, त्यो चपटा," आणि अण्णा लावायचे. मायला विचारून उंची ठरली. अण्णांनी एवढीच विनंती केली की छतापाशी वीतभर मोकळं ठेवू, उजेड येईल. माय म्हणाली, "ठिवा. वरून कावळ्यानं बगितलं तर बगू द्या." तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा दगड बसला. माय आत गेली. आम्ही तिघं अलीकडं बसून राहिलो, अण्णांच्या हाताला चिखल, तात्यांचा फेटा मांडीवर. आधी काहीच आवाज नाही. मग पाट सरकवल्याचा आवाज आला. मग एक लांब सुस्कारा. मग बांगड्या मागं सारल्याचा.

आणि मग तिनं तोंड सोडलं. दीड वर्षाचं साचलेलं होतं. "काय बाई येडा माणूस पडला पदरात! दगड बोलत्यात म्हणं ह्याच्याशी! डोंगराला दुखू नये म्हणून जपतो आन्‌ बायकूचे पाय भोपळे झाले ते दिसंना!" तिथून युरोपावर गेली, गोऱ्यांच्या आयाबहिणींवर गेली, चौसाळ्याच्या पाण्याच्या कॅनवर गेली, भाऊसाहेबांच्या मिशांवर जाऊन आली आणि पुन्हा अण्णांवर. मधेच हसली, तेच ते जुनं हसू. त्या वीतभर फटीतून शब्द न्‌ शब्द अलीकडं येत होता. अण्णा मान खाली घालून ऐकत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. थोड्या वेळानं ते दबक्या आवाजात म्हणाले, "तात्या, ऐकताय ना?"

तात्यांनी सावकाश फेटा उचलून डोक्यावर ठेवला.

"मला काय बी ऐकू येत न्हाई, मास्तर," ते म्हणाले. "मधी भिंत हाय."